दुसरा पेपर बाजूला ठेवा

पत्र :

ताई, मी सातवीला विज्ञान शिकवते. या वेळी सगळ्या तुकड्यांना मिळून एकच पेपर असणार आहे आणि तो काढायचं काम माझ्याकडे आलंय. एकूण १६० मुलं. त्यांत दोन मुलं पूर्ण अंध आहेत. एक मुलगी कर्णबधिर आहे, ती खुणांच्या भाषेत बोलते. पाच जणांना डिस्लेक्सिया आहे, आणि एका मुलाचा हात थरथरतो म्हणून तो फार सावकाश लिहितो. मी दोन पेपर काढले. एक नेहमीचा, ३० प्रश्नांचा. दुसरा या नऊ जणांसाठी, २० सोप्या प्रश्नांचा, आकृत्या गाळलेला. एक सहकारी सर म्हणतात, ‘सारखं म्हणजे सगळ्यांना सारखं. यांना जादा वेळ दिला तर तो बाकीच्यांवर अन्याय.’ मुख्याध्यापक म्हणतात, सवलत घेणाऱ्यांच्या गुणपत्रिकेवर खूण करा. मला दोघांचंही पटत नाही, पण का पटत नाही ते सांगताही येत नाही. दोन्ही पेपर सोबत जोडलेत. काय करू?

उत्तर :

नमस्कार मॅडम,

दोन्ही पेपर पेन्सिल घेऊन वाचले. दुसऱ्या पेपरामागची तुमची कळकळ दिसते, तरी तो वापरू नका असंच सांगेन.

का, ते मुलांकडे बघूनच कळेल. यादीत नऊ नावं आहेत, पण अडचण काही एकच नाही. कर्णबधिर मुलगी डोळ्यांनी सगळं बघते, मग तिच्या पेपरातल्या आकृत्या का काढल्या? तिला जड जातात ती लांबलचक वाक्यं. आकृतीने उलट तिचं काम सोपं होतं. हात थरथरणाऱ्या मुलाला वाचायला, समजायला, आठवायला काही आडकाठी नाही. त्याला सोपे प्रश्न कशासाठी? समजा त्याला पैकीच्या पैकी मार्क पडले, तर घरच्यांना काय सांगाल? विज्ञान येतं? किती येतं? बाकीच्या वर्गाच्या मानाने तो कुठे आहे? त्या पेपरावरून यातलं काहीच कळणार नाही. परीक्षा घेतल्यासारखी वाटेल, इतकंच.

हे मला ठेच लागून कळलं. सुरुवातीच्या वर्षांत एका परीक्षा समितीत मी गणिताचा पेपर बघत होते. पेपर झाला, छापून आला, आणि शेवटच्या आठवड्यात कुणाला तरी अंध मुलांची आठवण झाली. ४० प्रश्नांपैकी ६ प्रश्नांना आकृत्या होत्या. बोटांना चाचपता येतील अशा उठावाच्या आकृत्या करून घ्यायला वेळ नव्हता, म्हणून ते ६ प्रश्न आम्ही त्या मुलांपुरते गाळले आणि ३४ पैकी पडलेले मार्क ४० मध्ये बसवले. हिशेब चोख होता, कुणी तक्रारही केली नाही. पुढच्या वर्षी लक्षात आलं की ते सहाही प्रश्न क्षेत्रफळ आणि घनफळाचे होते. म्हणजे तो भाग आम्ही त्या मुलांना विचारलाच नव्हता. एका वर्गात तर बाईंनी तो धडा अंध मुलांना शिकवायचाच सोडून दिला होता. ‘पेपरला येत नाही ना,’ त्या मला म्हणाल्या. चूक त्यांची नव्हती. पेपरावर सही माझी होती.

तेव्हा दुरुस्त करायचाय तो तुमचा पहिला पेपर, आणि तोही ब्रेलला पाठवायच्या आधी.

संविधान तक्ता तुम्ही केलेला आहेच : कुठल्या घटकाला किती मार्क, ज्ञान किती, उपयोजन किती. त्यात दोन रकाने वाढवा. एकात प्रत्येक प्रश्नापुढे एका वाक्यात लिहा, हा प्रश्न नेमकं काय तपासतो. दुसऱ्यात लिहा, हे उत्तर देण्यासाठी त्याशिवाय आणखी काय काय यावं लागतं. पहिला रकाना अर्ध्या तासात भरतो. दुसरा भरताना घाम फुटतो. बारीक अक्षर दिसावं लागतं, चार ओळींचं वाक्य डोक्यात धरून ठेवावं लागतं, रंग ओळखावे लागतात, भरभर लिहावं लागतं. यातलं काहीच विज्ञान नाही.

बी.एड.ला आपण जी ‘सप्रमाणता’ पाठ केली, म्हणजे चाचणीने जे मोजायचं तेच मोजणं, ती हीच. सॅम्युअल मेसिक या मापनतज्ज्ञाने १९८९ साली तिच्यावर एक भलंमोठं प्रकरण लिहिलं. चाचणीत घोटाळा कसा होतो हे त्याने तिथे मांडलंय, ते माझ्या शब्दांत सांगते. कधी जे मोजायचं होतं त्यातलं काही निसटतं, जसं माझ्या त्या सहा प्रश्नांत निसटलं. कधी विषयाशी संबंध नसलेली अडचण मध्ये येते आणि ज्याला विषय येतो त्याचेही मार्क जातात. आणि कधी विषयाशी संबंध नसलेली सोय मिळते आणि येत नसताना मार्क पडतात. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, तुमच्या सरांशी बोलताना ती लागणार आहे.

आता तुमचा प्रश्न ७. तुम्ही लिहिलंय : ‘सुट्टीत सहलीला गेलेल्या सानिकाला दोरीवर वाळत घातलेले दोन टॉवेल दिसले, त्यांपैकी एक घडी घातलेला व दुसरा पसरलेला होता, तर पसरलेला टॉवेल आधी वाळण्यास खालीलपैकी कोणते कारण कारणीभूत नाही?’ रकान्यात लिहून बघा. तपासायचं आहे : पृष्ठभाग वाढला की बाष्पीभवन वाढतं, हे मुलाला कळलंय का. त्यासाठी वाचावं काय लागतं : सानिका, सहल, दोरी, ‘त्यांपैकी’, ‘खालीलपैकी’, आणि शेवटी दबा धरून बसलेलं ‘नाही’. खुणांच्या भाषेत वाढलेल्या मुलीसाठी लिहिलेली मराठी ही दुसरी भाषा असते. खुणांच्या भाषेचं व्याकरणच वेगळ्या चालीचं असतं. डिस्लेक्सिया असलेलं मूल ‘नाही’पर्यंत पोहोचेस्तोवर टॉवेल विसरलेलं असतं. खरं सांगायचं तर घाईत असलेली हुशार मुलंही हे ‘नाही’ हमखास खातात.

असं लिहिलं तर? ‘दोन सारखेच टॉवेल सारखेच ओले आहेत. एकाच ठिकाणी ते वाळत घातले. एक टॉवेल पूर्ण पसरला. दुसऱ्याच्या चार घड्या केल्या. आधी कोणता वाळेल? कारण लिहा.’ प्रश्न सोपा झालेला नाही. उलट आता कारण मुलाने स्वतः द्यायचंय, चारांतून उचलायचं नाही. प्रश्न मोकळा झालाय, एवढंच. सोपं करणं आणि मोकळं करणं यांत गल्लत झाली की तुमच्या दुसऱ्या पेपरासारखे पेपर जन्माला येतात.

प्रश्न १२ मधला स्तंभालेख जास्त अवघड आहे आणि त्यावर एकच एक उत्तर नाही. पाच वारांचं तापमान दिलंय, सर्वांत जास्त कधी होतं आणि ते मंगळवारपेक्षा किती जास्त, असं विचारलंय. अंध मुलांसाठी याचं काय करायचं? पुष्कळ जण आलेखाचा तक्ता करून देतात. चालेल का? तुमच्या पहिल्या रकान्यात काय लिहिलंय त्यावर ठरेल. ‘दिलेल्या माहितीची तुलना करता येणे’ असं असेल, तर तक्ता चालेल. पण ‘आलेख वाचता येणे’ असं असेल, तर तक्ता देऊन तुम्ही कामच करून टाकलंत. स्तंभाच्या टोकापासून अक्षापर्यंत जाऊन आकडा शोधणं हीच तर परीक्षा होती. मग उठावाचा आलेखच लागेल, बोटांना चाचपता येईल असा. तो करताना छापील आलेख जसाच्या तसा उठवू नका. मागच्या जाळीच्या सगळ्या रेषा उठवल्या की बोटांखाली नुसती खरखर लागते. स्तंभ ठळक ठेवा, लागतील तेवढ्याच रेषा ठेवा, अक्षांवरचे आकडे ब्रेलमध्ये. आणि कुणी आलेखाचं वर्णन वाचून दाखवणार असेल तर त्याचा मजकूर आधी लिहून ठेवा. एकदा एका वाचकाने भाबडेपणाने वाचलं होतं, ‘सर्वांत उंच स्तंभ गुरुवारचा आहे.’ झालं, उत्तर देऊन मोकळा.

हो, तुमची दोन्ही अंध मुलं ब्रेल वाचतात ना, ते आधी विचारून घ्या. सगळी अंध मुलं वाचतातच असं नाही. काही जण स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, वाढलेले असतात, आणि त्यांच्या हातात ब्रेलचा गठ्ठा दिला तर तो निरुपयोगी.

प्रश्न १८ मधल्या किरणाकृतीत बिंदूंना घ आणि ध अशी नावं दिलीत. शिरोरेषेतली ती एवढीशी फट डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला, अल्पदृष्टीच्या मुलाला आणि शेवटच्या बाकावरच्या कुणालाही चकवेल. ब आणि व, भ आणि म यांचंही तेच. एका वाचन-चाचणीत मी एका मुलाशेजारी बसले होते. प्रश्न होता, ‘बलाचे परिमाण लिहा.’ त्याने लिहिलं : वस्तू हलते, वस्तूचा आकार बदलतो, वस्तूची दिशा बदलते. मी चुकीची खूण करणार, तेवढ्यात विचारलं, ‘मोठ्याने वाच बरं.’ त्याने वाचलं, ‘बलाचे परिणाम लिहा.’ त्याने वाचलेल्या प्रश्नाचं उत्तर अचूक होतं. त्याच गटातल्या, वाचनाची काही अडचण नसलेल्या दोन मुलींनीही तेच केलं होतं. पुढे तो प्रश्न ‘बल किती आहे ते एककासह लिहा’ असा केला.

हा सगळा विचार शिक्षणात आला तो इमारतींकडून. रॉन मेस हे अमेरिकन वास्तुविशारद लहानपणी पोलिओ झाल्यापासून चाकाच्या खुर्चीत होते. इमारत बांधून झाल्यावर कडेला उतार चिकटवण्याऐवजी मुळातच सगळ्यांना आत येता येईल अशी ती आखावी, ही कल्पना त्यांनी रुजवली. १९९७ साली त्यांनी आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची सात तत्त्वं मांडली. २००२ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या सँड्रा थॉम्पसन, ख्रिस्तोफर जॉनस्टन आणि मार्था थर्लो यांनी तीच दृष्टी परीक्षेला लावली आणि तिथेही सात मुद्दे काढले. ते सगळे मोजत बसत नाही, पण एक तुमच्या कामाचा आहे : प्रश्न असा रचावा की पुढे ब्रेल, वाचक, मोठा टाइप अशी कुठलीही सोय त्याला अर्थ न बिघडता लावता येईल. तुमच्या प्रश्न २३ मधला ‘निळ्या रंगाचा भाग’ या कसोटीवर पडतो. तो रंगांधळ्या मुलाला दिसणार नाही, आणि झेरॉक्सच्या करड्या प्रतीत कुणालाच दिसणार नाही. निळ्याच्या जागी तिरप्या रेषा द्या.

आता तुमचे सर. त्यांना पूर्ण खोडून काढू नका, कारण ते अर्धे बरोबर आहेत. मेसिकची ती ‘विषयाबाहेरची सोय’ खरोखर होते. शुद्धलेखनाच्या परीक्षेत लेखनिकाने शुद्ध लिहून दिलं, तर मार्क लेखनिकाचे. अक्षरं जुळवून वाचता येतं का हेच तपासताना उतारा कुणी वाचून दाखवला, तर परीक्षा ऐकण्याची झाली. पण तुमच्या विज्ञानाच्या पेपरात लिहिण्याचा वेग कुठल्याच रकान्यात नाही. जे मोजायचंच नाही, त्यातली अडचण काढली तर बाकीच्यांचं काय गेलं? उंच उडीत धावण्याचे सेकंद कुणी मोजत नाही.

वेळेबद्दल अभ्यास बरेच झालेत. २००५ साली स्टीफन सिरेसी आणि सहकाऱ्यांनी अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. जादा वेळ मिळाल्यावर अपंग विद्यार्थ्यांचे मार्क वाढतात. इतरांचेही वाढताना दिसतात, पण त्यांच्यापेक्षा कमी. यातून दोन गोष्टी निघतात. सोय योग्य जागी पोहोचतेय, ही एक. आणि इतरांचेही वाढत असतील तर पेपर मुळात दिलेल्या वेळेपेक्षा लांब आहे, ही दुसरी. हे सरांना जरूर दाखवा, कारण त्यांना वाटणारा अन्याय खरा आहे, फक्त तो या नऊ जणांनी केलेला नाही. तुमचे ३० प्रश्न मी स्वतः सोडवून पाहिले. माझ्यासारख्या मुरलेल्या बाईला ५० मिनिटं लागली, आणि मुलांना तुम्ही ९० देताय. माझ्या अनुभवाने मुलांना शिक्षकाच्या किमान दुप्पट वेळ लागतो. पाच प्रश्न कमी करा. सगळ्याच १६० जणांची घाई कमी होईल आणि जादा वेळ लागणारी मुलं आपोआप थोडी उरतील.

ज्यांना लागेल त्यांना द्याच, पण वेळ म्हणजे सगळ्यांवरचं एकच औषध नव्हे. ब्रेल वाचायला जास्त वेळ लागतो हे खरं, पण सलग दोन-सव्वादोन तास बोटांनी वाचून मूल थकतं. त्याला मधली विश्रांती जास्त वेळेइतकीच महत्त्वाची. थरथरणाऱ्या हाताला टायपिंग जमतं का बघा. नाहीतर लेखनिक, पण परीक्षेच्या दिवशी प्रथमच नको. उत्तर सांगून लिहून घेणं हे वेगळंच कसब आहे. ‘इथे परिच्छेद संपला’, ‘ते खोड, पुन्हा लिहितो’ हे बोलायला मुलं लाजतात आणि मनातलं अर्धं उत्तर गिळतात. वर्गात वर्षभर जी सोय वापरली तीच परीक्षेत, हा नियम धरा. खुणांच्या भाषेतला दुभाषा असेल तर त्याला पेपर आदल्या दिवशी गोपनीयतेने द्या. काही संज्ञांची खूणच उत्तर सांगून जाते. अशा जागी खूण न करता शब्द बोटांनी अक्षर-अक्षर दाखवायचा, हे आधी ठरवावं लागतं.

गुणपत्रिकेवरच्या खुणेबद्दल. अमेरिकेत कॉलेजप्रवेशाच्या सॅट परीक्षेत जादा वेळ घेतलेल्यांच्या गुणांपुढे पूर्वी खूण असायची. २००३ पासून ती बंद झाली. मुख्याध्यापकांना एवढंच विचारा, की खूण वाचणाऱ्याने तिचं काय करायचं? मार्क कमी धरायचे? किती कमी? मार्क विज्ञानाचे असतील तर खुणेची गरज नाही, आणि विज्ञानाचे नसतील तर खूण करून ते विज्ञानाचे होत नाहीत.

पेपर तपासण्याबद्दल थोडक्यात. मॉडेल उत्तरात आधीच लिहा, शुद्धलेखनाचे मार्क कापायचे नाहीत, आकृतीऐवजी शब्दांत सांगितलेलं चालेल तिथे चालेल. उत्तरपत्रिकेवर नाव न ठेवता क्रमांक ठेवा. नाव दिसलं की काही जण दयेने अर्धा मार्क वाढवतात आणि काही जण ‘लेखनिकाने लिहिलंय’ म्हणून अर्धा कापतात. मी दोन्ही प्रकारचे परीक्षक पाहिलेत. पहिल्या प्रकारात काही वर्षं मीही होते.

आकडेवारीने प्रश्न कुणावर अन्याय करतोय का हे शोधायच्या पद्धती आहेत. सारख्या कुवतीच्या दोन गटांना एकच प्रश्न वेगवेगळा अवघड जातोय का, ते त्या बघतात. पण त्यांना शेकड्यांनी विद्यार्थी लागतात. तुमच्याकडे दोन अंध मुलं आहेत. त्यामुळे ते सोडा. त्याऐवजी गेल्या वर्षी सातवी झालेली सहा-सात मुलं घ्या, त्यांत डिस्लेक्सियाचं एखादं, कमी ऐकू येणारं एखादं, सर्वसाधारण दोन-तीन. प्रत्येकाशेजारी बसा आणि सांगा, ‘सोडवताना मनात जे येईल ते मोठ्याने बोल.’ तुम्ही मध्ये बोलू नका, शिकवू तर मुळीच नका. हे शिक्षकाला किती जड जातं, ते करून बघाल तेव्हा कळेल. नुसतं लिहून घ्या, मूल कुठे थांबलं, कुठे परत मागे गेलं. दोन दुपारींत अर्धे दोष हाती लागतात.

एक अपवाद मात्र सांगायला हवा. ज्या मुलांना बौद्धिक अक्षमता इतकी तीव्र आहे की वर्गाचा अभ्यासक्रमच त्यांच्यासाठी वेगळा ठरवलेला असतो, त्यांना वेगळी परीक्षा रास्त आहे. अमेरिकेत ती आहे, पण २०१५ च्या कायद्याने राज्यांच्या परीक्षांमध्ये ती प्रत्येक विषयात एकूण परीक्षार्थींच्या १ टक्क्यापुरतीच ठेवली. ही वाट रुंद ठेवली की नकोशी मुलं तिकडे ढकलली जातात. तुमच्या नऊ जणांत असं कुणीही नाही.

आता लगेच करायचं ते एवढं : प्रश्न ७ वरच्यासारखा लिहा, १८ मधला ध बदलून प करा, २३ मध्ये तिरप्या रेषा द्या. प्रश्न ९ आणि १४ एकच गोष्ट विचारतात, १४ काढून टाका. आणखी चार कुठले काढायचे ते तक्त्यावरून ठरवा, पण एकाच घटकातले काढू नका. प्रश्न १२ साठी आजच त्या दोन मुलांना गाठा आणि बोटांनी आलेख वाचायचा त्यांना कुणी शिकवलाय का ते विचारा. नसेल शिकवला, तर पेपराच्या आधी तुम्हाला एक तास घ्यावा लागेल.